पावसाचा हिशेब कुठवर मागे जातो?

"पाऊस पूर्वीही असाच लहरी होता, हवामानबदल वगैरे काही नाही," असं म्हणणारे एक काका प्रत्येक ग्रुपवर असतातच. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फक्त 'पूर्वी' म्हणजे कधी, आणि तेव्हाचा पाऊस मोजला कोणी, एवढं विचारायला हवं.

कुलाब्याची पावसाची नोंद १८४७ पासूनची. पुण्याच्या आयआयटीएमच्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जो गाजलेला निष्कर्ष काढला, तो मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या आकड्यांवरून. अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या, आणि हंगामाच्या सरासरीत मात्र ठळक फरक नाही. म्हणजे काकांनी नुसती बेरीज पाहिली तर त्यांना काहीच बदललेलं दिसणार नाही!

पण पर्जन्यमापकाच्याही आधीचं काय? १९७२ मध्ये ह्युबर्ट लॅम्ब यांनी इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात हवामान संशोधनाचं केंद्र उभं केलं आणि जुन्या कागदांतून हवामान शोधण्याच्या कामाला विद्यापीठात हक्काची जागा मिळाली. (सुरुवातीच्या पैशांत शेल आणि बीपी या तेल कंपन्यांचाही वाटा होता. असो.)

आपल्या भागासाठी हे काम केलं ब्रायटन विद्यापीठाच्या जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी. खासगी डायऱ्या, मिशनऱ्यांची पत्रं, वर्तमानपत्रं, कंपनी सरकारची दफ्तरं असं सगळं चाळून त्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटापासून १८६० पर्यंतचा महाराष्ट्र-गुजरातचा पाऊसकाळ मांडला. हे वाटतं तितकं सोपं नाही. विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या साहेबाला प्रत्येक उन्हाळा भयंकरच वाटणार. आणि कागदात 'दुष्काळ' दिसला म्हणजे पाऊसच कमी, असंही नाही. १८०३-०४ चा दख्खनचा दुष्काळ घ्या. पावसाने दगा दिला हे खरंच, पण त्याआधी होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी मुलूख उजाड केला होता. धान्य महाग झालं ते ढगांमुळे किती आणि घोड्यांच्या टापांमुळे किती, हे इतिहास न वाचणारा हवामानतज्ज्ञ कसं सांगणार?

मला खटकतं ते इथेच. या अभ्यासाचा भर इंग्रजी कागदांवर आहे. त्यात त्या दोघांचा काय दोष, त्यांनी हाताशी होतं ते चोख वापरलं. पण मराठी राज्याचं हिशेबाचं वर्षच मुळी सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू व्हायचं, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. सारा पिकावर आणि पीक पावसावर. अवर्षण पडलं की रयत सूट मागायची, कधी मिळायची, कधी नाही, पण कागद व्हायचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले असे कोट्यवधी कागद आहेत. त्यांतही लबाडी असणार, कारण सूट मिळवायची तर पीक बुडालं असंच सांगायला लागतं. तरी साहेबाच्या डायरीत फार तर मुंबई-पुण्याचा पाऊस सापडेल. गावागावाचा कुठून सापडणार?

मोडी वाचणारा आणि आकडेशास्त्र जाणणारा, असे दोघे एका टेबलाशी बसवायचे तर विद्यापीठात त्यांचे विभाग वेगळे, पैसा वेगळा, पदोन्नतीचे नियम वेगळे. पेशवे दफ्तर आणि पाषाणची आयआयटीएम मात्र एकाच शहरात.

तोवर एक करा. घरात माळ्यावर जुनी मोडी बाडं, खतावण्या, पीकपाण्याच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. फोटो काढा आणि एखाद्या मोडी वाचणाऱ्याला दाखवा.