मॅचच्या दिवशी घरीच भरीत-पार्टी : वांगी किती, पऱ्हाटी कुठे पेटवायची, भाकरी केव्हा थापायची?

हिवाळा लागला की खानदेशात शेतोशेती भरीत-पार्ट्या सुरू होतात. त्यात क्रिकेटची मॅच आली की पार्टी शेतातून घरी येते, कारण शेतात टीव्ही नाही अन् मोबाईलला रेंज नाही. आठ-दहा पाहुणे, मित्रमंडळी, शेजारची पोरं, सगळी एका टीव्हीसमोर. अशा दिवशी भरीत-भाकरीसारखा दुसरा बेत नाही. पण शेतातली पार्टी घरी आणताना दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे जाळ घराजवळ येतो. दुसरं म्हणजे शेतात भरीत करणारे पुरुष घरी आले की टीव्हीसमोर बसतात आणि सगळं काम चुलीजवळच्या बाईवर पडतं. या दोन्हीची सोय आधी लावली तरच पार्टी सगळ्यांची होते.

चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं सुरू करतात. तिथून पुढे थंडी असेपर्यंत भरिताचा हंगाम. उन्हाळ्यातल्या आयपीएलला हीच चव शोधू नका, तेव्हाच्या वांग्यात बी जास्त असतं.

वांगं कोणतं घ्यायचं?

भरिताचं वांगं म्हणजे हिरवट रंगाचं, पांढऱ्या रेघांचं, मोठं अन् कमी बियांचं. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही गावं त्यासाठी नावाजलेली. (आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे वेगळं सांगायला नको.) जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जांभळ्या वांग्याचं भरीत होतं, वाईट लागत नाही, पण त्याला खानदेशी भरीत म्हणू नये.

वांगं हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलकं असेल तर बी कमी, जड लागलं तर बियांचं समजा. देठ हिरवागार आणि साल तुकतुकीत हवी. बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे, ते बाजूला ठेवा. शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर शेवटची फवारणी कधी झाली ते विचारायला लाजू नका. फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही हे औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. शेतकऱ्यालाही ते माहीत असतं. प्रश्न फक्त विचारण्याचा आहे.

दहा माणसांना वांगी साडेचार ते पाच किलो लागतात. भाजून, सोलून ती बरीच कमी होतात, म्हणून आकडा बघून घाबरू नका. सोबत हिरवी मिरची पाव किलो (लवंगी असेल तर दीडशे ग्रॅम पुरे), लसूण शंभर-सव्वाशे ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, तेल पाव लिटर, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, कोथिंबिरीची एक मोठी जुडी आणि थोडे सुक्या खोबऱ्याचे काप.

जाळ : इथे मॅच विसरायची

खरी चव कपाशीच्या काड्यांच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या जाळाची. पण हेच दिवस घरात कापूस भरून ठेवण्याचेही आहेत. भाव वाढेल या आशेने कित्येक घरांत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस असतो, ओट्यावर गाठोडी असतात, मागे कडब्याची गंजी असते. वाळलेली पऱ्हाटी भडकन पेटते आणि तिच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर लांब जातात. एक ठिणगी कापसात गेली तर वर्षाची कमाई गेली. कापूस आतल्या आत धुमसतो, लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून अंगणात कापूस किंवा कडबा जवळ असेल तर तिथे जाळ करूच नका. मोकळ्या पटांगणात किंवा खळ्यावर जा. वारा घराकडे वाहत असेल तर जागा बदला. पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा. टीव्ही अंगणात लावला असेल तर त्याची वायर जाळापासून लांब हवी. आणि जाळाजवळ एक मोठं माणूस शेवटपर्यंत उभं पाहिजे. “सिक्स बसला” म्हणून ओरडा झाला की सगळे पळत आत जातात, घात तिथेच होतो. सगळ्यात सोपं म्हणजे टॉसच्या आधीच भाजून, राखेवर पाणी टाकून मोकळं व्हायचं. जिंकल्यावर फटाके फोडणाऱ्यांनाही हेच लागू. कापसाच्या घरासमोर फटाका नको.

भाजायला वांग्याला तेलाचा हात लावा अन् सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर वांगं फुटतं. खाली काड्यांचा थर, त्यावर वांगी, वरून पुन्हा काड्या. उलटसुलट करत पंधरा-वीस मिनिटांत साल काळी पडते. देठाजवळ दाबून बघा, तिथे मऊ लागलं तर आतपर्यंत शिजलं. मग पातेल्यात घालून पाच-दहा मिनिटं झाका, साल आपोआप सुटते. सोलताना हात पाण्यात बुडवा, पण वांगं नळाखाली धुऊ नका, धुराची चव वाहून जाते.

काड्या नाहीत किंवा जागा नाही तर गॅसवर जाळी ठेवून भाजा. चव थोडी कमी, पण झोप शांत. जळगाव-भुसावळकडे हिवाळ्यात भरीत सेंटरवर तयार भरीत किलोवरही मिळतं.

ठेचणं आणि फोडणी

मिरची अन् लसूण थोड्या तेलात परतून, मीठ घालून लाकडी काठवटीत मुसळाने ठेचायचं. त्यातच सोललेलं वांगं घालून पुन्हा ठेचायचं. मिक्सर नकोच, त्यात भरिताची चटणी होते. मग कढईत तेल, जिरं, शेंगदाणे अन् खोबऱ्याचे काप तळून त्यावर पात टाकायची. पात अर्धी कच्ची असतानाच वांगं घालून पाच मिनिटं परतायचं, वरून कोथिंबीर. हळद, गरम मसाला, टोमॅटो यांचं इथे काही काम नाही.

कळण्याची भाकरी

चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद आणि खडेमीठ एकत्र दळलं की कळणा तयार. दहा जणांना दोन ते अडीच किलो पीठ पुरतं. उडदामुळे ही भाकरी लवकर कडक होत नाही. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर दोन-तीन तास चांगली राहते. म्हणजे भाकऱ्याही मॅचआधी थापून होतात, आणि थापणारी बाईसुद्धा पहिल्या ओव्हरपासून टीव्हीसमोर बसू शकते. ‘गरम भाकरी आण’ म्हणणाऱ्याने उठून स्वतः तव्यावर शेकून घ्यावी.

संध्याकाळी ७ ची टी-२० असेल तर ४ वाजता मिरची-लसूण निवडून ठेवा, साडेचारला जाळ, साडेपाचपर्यंत सोलून-ठेचून मोकळं. एकाने फोडणी द्यायची, तोवर दोघांनी भाकऱ्या उरकायच्या. इनिंगमधली सुट्टी साधारण २० मिनिटांचीच असते, तेवढ्यात दहा जणांचं वाढणं होतं, रांधणं होत नाही. वाढायला केळीची पानं घ्या, रावेर-यावलच्या पट्ट्यात ती कमी नाहीत, अन् नंतर भांड्यांचा ढीगही पडत नाही. सोबत कच्चा कांदा, मुळा, लिंबू, ताक. पहिल्या इनिंगला चघळायला भाजलेल्या बिबड्या अन् उडदाचे पापड.

वेळ पुढे-मागे होऊ शकते हे धरून चला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली आणि आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. अशा दिवशी वांगं ठेचून झाकून ठेवा, फोडणी मात्र जेवायच्या अर्धा तास आधीच द्या.

उरलेलं भरीत रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये टाका. सकाळी तव्यावर चांगलं गरम करून शिळ्या भाकरीबरोबर खाल्लं तर काहींना ते रात्रीपेक्षाही जास्त आवडतं.