सरसेनापतींचे यजमान

सैन्यात पदभार बदलतो तेव्हा अधिकाऱ्याची पत्नी समारंभाला केवळ शोभेसाठी आलेली नसते. भूदलप्रमुखांच्या पत्नीकडे 'आवा' या सैनिक-कुटुंबांच्या संस्थेचे अध्यक्षपद रूढीने येते. ३० एप्रिल २०२२ रोजी जनरल मनोज नरवणे यांनी जनरल मनोज पांडे यांच्या हाती सूत्रे दिली, तेव्हा 'आवा'ची सूत्रेही वीणा नरवणे यांच्याकडून अर्चना पांडे यांच्याकडे गेली. एका पदांतराच्या पोटात दुसरे असते. पण सूत्रे पत्नीच्या हाती येत असतील, तर पतीने काय करावे?

हा प्रश्न आमच्या अमरावतीच्या एका गृहस्थांपुढे उभा राहिला होता. राज्यघटनेच्या ५३व्या अनुच्छेदानुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापतित्व राष्ट्रपतींकडे असते. म्हणजे २५ जुलै २००७ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात झालेला शपथविधी हाही एका अर्थी सेनापतिपदाचाच पालट. मावळत्या आणि नव्या राष्ट्रपतींनी आसने बदलायची, एकवीस तोफांची सलामी व्हायची. मावळते डॉ. कलाम अविवाहित, त्यांच्या आधीचे सारे राष्ट्रपती पुरुष. देवीसिंह शेखावत यांनी ज्याचे पाहून वागावे, असा पूर्वसुरी कोणी नव्हता. (पेशवाईत सेनापतिपदाचा कारभार उमाबाई दाभाडे यांनी पाहिला, परंतु वैधव्य आल्यावर, तेथे हा पेच पडलाच नाही.) शेखावत स्वतः रसायनशास्त्राचे अध्यापक, अमरावतीचे आमदार, शहराचे पहिले महापौर. त्या दिवशी यांपैकी एकही ओळख उपयोगाची नव्हती.

भाषाही मदतीला आली नाही. चर्चा रंगली ती 'राष्ट्रपती' शब्दातील 'पती'वर. वास्तविक सभापती, कुलपती, सेनापती यांतला 'पती' म्हणजे स्वामी, रक्षणकर्ता. प्रतिभाताई १९८६ ते १९८८ या काळात राज्यसभेच्या उपसभापती होत्या. तेव्हा असा गहजब झाल्याचे आम्हांस आठवत नाही. शेखावतांना मात्र 'प्रथम पुरुष' म्हणावे, तर अमरावती-अकोल्याच्या वर्गांतला कोणताही विद्यार्थी विचारील : सर, म्हणजे 'मी' ना? मराठी घरांत रुळलेला एक शब्द आहे, 'यजमान'. पण राष्ट्रपती भवनात यजमानपण राष्ट्रपतींचेच!

तरीही त्या समारंभात शेखावतांचे नाव होते, आणि अगदी मध्यभागी होते. नव्या सरसेनापतींचे अधिकृत नाव प्रतिभा देवीसिंह पाटील. आडनाव माहेरचे, मधले नाव पतीचे. मधल्या नावाची ही मराठी रीत स्त्रीची स्वतंत्र ओळख झाकते, असा आक्षेप आम्ही वर्गात नेहमी घेतो आणि तो रास्तच आहे. येथे मात्र त्या रीतीनेच एका पुरुषाला जागा दिली, तीही पत्नीच्या नावाच्या आश्रयाने.

२५ जुलै २०१२ रोजी प्रणव मुखर्जींनी शपथ घेतली आणि शेखावत मावळत्या सरसेनापतींचे पती झाले. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवशीच्या मथळ्यांत आधी माजी राष्ट्रपती होत्या. महापौर आले ते खालच्या मजकुरात.