वजनकाट्याला न दिसलेली चरबी

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिची ख्याती बैलबाजाराची. बैल घेणारा शेतकरी जनावराचे वजन विचारत बसत नाही. तो दात पाहतो, खांदा चाचपतो, खूर तपासतो, चार पावले चालवून बघतो. अंगावर मांस किती, याहून ते कोठे आहे, हे त्याच्या लेखी मोलाचे. माणसाच्या शरीराबाबत हाच विचार रुजायला वैद्यकशास्त्राला जवळपास पावणेदोनशे वर्षे लागली. त्या विलंबाची ही कथा.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना बेल्जियमच्या आदोल्फ केतले याची, साल १८३२. तो गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ होता. हृदयरोगाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो, हे आकड्यांत पकडायचे होते. या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे आजचे नाव १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिले.

दरम्यान अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली होती. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर ठपका लवकर आला. वजनाचा दोष मात्र बराच काळ त्यांच्या आडोशाला लपून राहिला. २६ वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर, १९८३ मध्ये, स्थूलता हे हृदयविकाराचे स्वतंत्र कारण असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतीलच एक लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अतिस्थूल गटाला एका विशिष्ट प्रकारचा पहिला हृदयविकाराचा झटका सामान्य वजनाच्या लोकांपेक्षा सुमारे १२ वर्षे आधी आला होता.

येथवर हिशेब सरळ आहे: वजन जास्त, झटका लवकर. भारतीय उपखंडात मात्र तो चुकतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांच्या पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ निघाले, इतरांचे जवळपास ५९. पाश्चात्त्यांच्या तुलनेत सडपातळ दिसणारी माणसे त्यांच्याआधी कोसळत होती.

या कोड्याचा एक धागा पुण्याजवळ सापडला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभला. या मातांचे सरासरी वजन जेमतेम ४५ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. संशोधक केवळ काट्यावर थांबले नाहीत. चिमट्याने बाळाच्या कातडीची घडीही मोजली. पुण्याच्या बाळांचे स्नायू तोकडे होते, पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, चरबी त्या मानाने टिकून होती. रोड, तरीही चरबीयुक्त! कुपोषण आणि मेद एकाच पाळण्यात, हे तोवरच्या समजुतीत बसणारे नव्हते.

२००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. शेकडो तक्त्यांनी जे पटले नसते, ते या एका चित्राने पटवले.

असे का, याचे एक उत्तर ब्रिटिश वैद्य डेव्हिड बार्कर यांच्या मांडणीत मिळते: गर्भात अन्न तुटपुंजे पडले की वाढणारा जीव मेंदू जपतो आणि स्नायूंत काटकसर करतो, पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर अंगावर उलटते. हा वाद अद्याप मिटलेला नाही. पोटातील चरबी मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांना आमंत्रण देते, याबद्दल मात्र फारसे दुमत उरलेले नाही. 'इंटरहार्ट'च्याच २००५ मधील निष्कर्षांत झटक्याचा धोका ओळखण्यात कंबर-नितंबाचे प्रमाण हे बॉडी मास इंडेक्सपेक्षा सरस ठरले.

२००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी स्थूलतेची रेषा ३० वरून २५ वर आणली. पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषासाठी ती सुमारे ८२ किलोंवरून ६८ किलोंवर उतरली. त्याच शिफारशींत कंबरेच्या घेराची मर्यादाही आली: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. ती मोजायला लागते शिंप्याकडची साधी टेप.