अज्ञातवासींचा संग्रह आणि विस्ताराचा प्रश्न

एखाद्या प्रांताचा इतिहास कोणत्या वस्तूंतून सांगावा, या प्रश्नाला महाराष्ट्रात सहसा एकच उत्तर मिळते: तलवार, ढाल आणि सनद. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात उसनी आली, तेव्हा वस्तुसंग्रहालय हा विषय काही दिवस सर्वतोमुखी झाला. एका शस्त्राभोवती किती स्मृती, अभिमान आणि वाद गोळा होतात, हेही त्या निमित्ताने दिसले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात शस्त्रे आहेतच. पण तेथून बाहेर पडणाऱ्याच्या मनात रेंगाळतात त्या समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या आणि करंडे. ही निवड एका कवीची होती, हे मराठीच्या अभ्यासकांनी विसरू नये.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) वाङ्मयेतिहासात 'अज्ञातवासी' या नावाने ओळखले जातात. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला आरंभ केला आणि १९६०पर्यंत संग्रह पंधरा हजारांच्या घरात पोहोचला. पत्नी कमलाबाई यांची या उद्योगाला साथ होती. बालवयात निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. १९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली आणि १९७५ मध्ये केळकरांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

केळकरांच्या वाङ्मयीन कार्यातील एक गोष्ट येथे विशेष महत्त्वाची वाटते. भास्कर रामचंद्र तांबे यांच्या कवितेचा पहिला संग्रह १९२० मध्ये वा. गो. मायदेव यांनी संपादित केला. १९२७ मधील दुसऱ्या संग्रहाचे संपादन अज्ञातवासींचे. दुसऱ्याची कविता मिळवायची, पारखायची, तिला क्रम द्यायचा आणि रसिकांपुढे ठेवायची, हे काम ते ज्या वर्षांत करीत होते, त्याच वर्षांत जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून वस्तूही गोळा करीत होते. दोन्ही कामांमागची वृत्ती एकच आहे, असे आम्हाला वाटते. केळकर संग्रहालय हा एका साक्षेपी संपादकाने सिद्ध केलेला वेचा आहे. अडकित्ता सुपारी कातरण्याचे काम कोणत्याही आकारात करील. तरी कारागिराने त्याला पक्ष्याचा किंवा मानवी आकृतीचा घाट दिला. वजरीने टाच घासायची, पण तिच्यावर मोर बसवला, तिला घुंगरू लावले. उपयोग भागल्यानंतरही हात जे करीत राहतो, ते टिपणारी नजर कवीचीच असणार.

आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. दर आठ वस्तूंपैकी सात प्रेक्षकाच्या नजरेआड राहतात. पेठेतील जागा वाढण्याजोगी नाही. म्हणून बावधन येथे संग्रहालयाचे विस्तारित संकुल उभारण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. विस्तार हवा, याविषयी दुमत नसावे. मात्र अशा योजनांची चर्चा एकर, मजले आणि आराखडे यांतच अडकते. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जुन्या वास्तूचे जतन २००८ पर्यंत नमुनेदार रीतीने झाले. त्याच्या नव्या दालनासाठी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. दालन मात्र उभे राहिले नाही. वास्तूची चर्चा पुष्कळ झाली. नव्या दालनात काय आणि का मांडायचे, हा प्रश्न तिच्यात मागे पडला.

वेच्याचे 'समग्र वाङ्मय' करताना संपादकाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. तळटीप लागते, पाठभेद नोंदवावे लागतात, रचनेचा काळ आणि प्रसंग शोधावा लागतो. वस्तूंच्या बाबतीत याचा अर्थ असा की ती कोठून आली, कोणाच्या घरात होती, कोणत्या गावच्या कारागिराने घडवली आणि वापरणारे तिला काय म्हणत, हे नोंदले पाहिजे. 'दिवा, पितळ, एकोणिसावे शतक' एवढ्या नामपट्टीने वस्तू दिसते, पण बोलत नाही.

संदर्भ जोडला की वस्तू कशी बोलू लागते, याचा एक दाखला आमच्या वाघोलीपासूनच देता येईल. वाघेश्वर मंदिराच्या परिसरात पिलाजी जाधवराव यांची समाधी आहे. १७२९ मध्ये बाजीराव पेशवे छत्रसालांच्या साहाय्यास बुंदेलखंडात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या सरदारांत पिलाजी होते. त्याच मोहिमेने मस्तानी पुण्याच्या इतिहासात आली. कोथरूडला तिच्यासाठी बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. वाघोलीची समाधी, कोथरूडची जागा आणि शुक्रवार पेठेतील ते दालन ही एकाच कथेची तीन प्रकरणे आहेत. ती एकत्र वाचण्याची सोय मात्र कोठेही नाही. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. नगर रस्त्यालगत उंच इमारतींत राहायला आलेल्या कुटुंबांना हे गाव एका सरदाराच्या जहागिरीचे होते, हे सांगणारे काय आहे? विस्तारित संग्रहालयाने अशा स्थळांना आपल्या नकाशात घेतले, तर त्याचा विस्तार बावधनच्या कुंपणापाशी थांबणार नाही.

आमच्यासारख्या भाषेच्या अध्यापकांचा स्वार्थही यात आहे. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी शिकवताना माजघर, कोनाडा, ओटी असे शब्द एकामागून एक समजावून द्यावे लागतात. शब्दकोश अर्थ देतो, पण लामणदिव्याच्या साखळीची लांबी, चंचीचे कप्पे किंवा दौतीचे वजन देऊ शकत नाही. वस्तू वापरातून गेली की तिच्याबरोबर नाव जाते, आणि नावामागून त्या वस्तूवर बेतलेले वाक्प्रचारही. वीस हजार वस्तूंची, त्यांच्या बोलीतील नावांसह, चिकित्सक सूची तयार झाली तर तो मराठीचा एक नवा कोशच ठरेल. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी, इतिहास आणि मानवशास्त्र यांच्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थी मार्गदर्शनाखाली हे काम करू शकतील, आणि वज्री, चंची, पानपुडा हे शब्द वापरलेली शेवटची पिढी सांगायला आहे तोवरच ते व्हायला हवे.