मशीनशेजारचा कागद

भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिरलात, तर मशीनशेजारी एक कागद लटकलेला दिसतो. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, कडांना तेलाचे डाग. त्यावर जॉबचं चित्र असतं, कोणतं माप किती ठेवायचं, किती जॉबनंतर तपासायचं, माप बाहेर गेलं तर मशीन थांबवून कोणाला बोलवायचं हे असतं. कोणी त्याला ऑपरेशन शीट म्हणतं, कोणी वर्क इन्स्ट्रक्शन. तुमच्या घरातलं कोणी कंपनीत असेल, तर त्यांनी हा कागद हजारदा पाहिलेला असेल आणि घरी त्याचं नावही काढलं नसेल.

आज तसाच कागद ऑफिसात लॅपटॉपवर लिहिला जातो. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. एआय एजंट तो वाचतो, ग्राहकाची माहिती शोधतो, जाहिरातीचा मेल लिहितो आणि मुभा दिली तर पाठवूनही टाकतो. मग ती सूचना चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं? प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या या पट्ट्याने त्याचं उत्तर शोधण्यात साठेक वर्षं घालवली आहेत.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, १९६६ मध्ये टेल्को आली, म्हणजे आजची टाटा मोटर्स. गावाकडून आलेली पोरं लेथवर उभी राहिली. गावात लोहाराचं काम शिकायचं म्हणजे त्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बघायचं. कारखान्याला तेवढी सवड नव्हती. तीन शिफ्टमध्ये तीन वेगळी माणसं एकाच मशीनवर येणार आणि जॉब मात्र एकसारखाच निघाला पाहिजे. म्हणून उस्तादाच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर उतरवावं लागलं.

कागदावर उतरवणं सोपं नसतं. ‘बोल्ट घट्ट आवळा’ असं लिहिलं, तर पहिलवान एक आवळेल आणि थकलेला माणूस दुसरंच. म्हणून तिथे टॉर्कचा आकडा आला आणि तेवढ्यावर थांबणारा पाना आला. भोकाच्या मापावरून वाद नको म्हणून गो-नो-गो गेज आलं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. इथे मताला जागाच नाही.

दुसरा धडा फर्स्ट पीसचा. सेटिंग बदललं की पहिला जॉब काढायचा, तपासायचा, पास झाला तरच पुढचं काम सुरू. कागद कितीही सुंदर लिहिलेला असो, त्याची परीक्षा त्यातून निघालेल्या जॉबवर होते.

तिसरा धडा बाहेरून आला. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट मांडला. रोजचा किरकोळ फरक कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे त्यात वेगळं दिसू लागलं. १९५० मध्ये डेमिंग यांनी जपानी उद्योगांना हेच शिकवलं, आणि सांगितलं की बहुतेक दोष कामगाराचे नसतात, व्यवस्थेचे असतात. आयएसओ ९००१ हे मानक १९८७ मध्ये आलं, वाहन उद्योगाचं टीएस १६९४९ हे १९९९ मध्ये, आणि २०१६ मध्ये त्याची जागा आयएटीएफ १६९४९ ने घेतली. चाकणमध्ये मोठ्या गाड्यांच्या कंपन्या येत गेल्या, तशी त्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या शॉपलाही ऑडिटची सवय झाली. रिजेक्शन झालं की ‘कोणी केलं?’ याच्या आधी ‘कागदात काय लिहिलं होतं?’ हे विचारावं, असं निदान नियमात तरी आलं.

हा झाला पार्टचा इतिहास. ग्राहकाला लिहायच्या पत्राचा इतिहास याहून जुना आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असणं पुरेसं नव्हतं, ते पटवून द्यावं लागत होतं. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेणारं हे पत्रक पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं, कारण त्यात वाचणाऱ्याला विकत घेण्यापलीकडेही काही मिळत होतं.

त्याच सुमारास, १९२३ मध्ये, अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स यांचं ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक आलं. जाहिरातीच्या वेगवेगळ्या मजकुरांवर वेगवेगळ्या खुणांची कुपनं छापायची आणि कोणती जास्त परत येतात ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. पत्रालाही गेज मिळालं.

आपल्याकडे मात्र बराच काळ त्याची गरज पडली नाही. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. अशा ग्राहकाला पटवणारं पत्र कशाला लिहायचं? पुढे स्पर्धा आली तेव्हा १९८९ च्या ‘हमारा बजाज’ मोहिमेसारख्या जाहिराती आल्या. तिकडे १९७८ मध्येच गॅरी थर्क यांनी संगणकाची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकाच वेळी मेल केली होती. जगातला पहिला स्पॅम म्हणून तो मेल ओळखला जातो. पत्र फुकट झालं, आणि वाचणाऱ्याचा वेळही लोकांनी फुकट धरला.

आता हे दोन्ही इतिहास एकत्र आले आहेत. समजा, चाकणमधल्या एअर फिल्टर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने एजंटला सांगितलं, ‘जुन्या ग्राहकांना आकर्षक मेल लिही, थोडी घाई वाटू दे.’ एजंटने लिहिलं, ‘फक्त दोन दिवस, १५ टक्के सूट!’ सूट कोणीच ठरवलेली नव्हती. ग्राहक मात्र तो मेल दाखवून सूट मागणार. चूक एजंटची? ‘थोडी घाई वाटू दे’ म्हणजे पुन्हा ‘बोल्ट घट्ट आवळा’च झालं. ‘दरपत्रकात नसलेला आकडा लिहू नकोस; माहिती सापडली नाही तर मेल न लिहिता सेल्सच्या माणसाकडे दे’ ही टॉर्कचा आकडा असलेली सूचना.

अशा सूचनेची तपासणीही शॉपसारखीच करता येते. आधी अवघड ग्राहकांचे तीस-चाळीस नमुने गोळा करा. गेल्या आठवड्यात तक्रार केलेला, मेल नको म्हणालेला, मराठीत लिहिणारा, ज्याच्या नोंदीत दरच नाही असा. प्रत्येकावर सूचना अनेकदा चालवा, कारण एजंट दर वेळी तेच लिहील याची खात्री नसते. मग आधी गो-नो-गो: नाव बरोबर? दर खरा? नको म्हणणाऱ्याला मेल गेला नाही ना? यात नापास झालं तर भाषा कितीही गोड असो, रिजेक्ट. भाषेची चव त्यानंतर, आणि ती माणसांनी बघायची. तपासायला दुसरं एआय बसवलं, तर तेही एक गेजच. अनुभवी माणसाच्या निकालाशी ते जुळतं का, हे अधूनमधून पडताळावं लागतं. एका वेळी सूचनेतली एकच गोष्ट बदला. आणि एकदा सापडलेली चूक नमुन्यांत कायमची ठेवा.

सगळ्यात मोठा सापळा मोजमापाचाच आहे. नुसते नग मोजले की शॉपमध्ये माल वाढतो आणि रिजेक्शनही वाढतं. मेल किती जणांनी उघडला एवढंच मोजलं, तर खोटी घाई आणि खोटी भीती असलेली सूचनाच जिंकेल. तिची किंमत नंतर कळते. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने २०२४ मध्ये नियम कडक केले; स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर जाऊ नयेत, हा त्यातला एक. म्हणजे हजारात तीन माणसं चिडली, तरी खऱ्या ग्राहकाला पाठवलेलं कोटेशनही स्पॅममध्ये पडण्याची भीती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही म्हटलं आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं.

मशीनशेजारच्या त्या कागदावर खाली तीन चौकटी असतात: तयार केले, तपासले, मंजूर केले. तिन्हींत सही लागते. माल परत आला, की थर्ड शिफ्टच्या पोराला बोलवण्याआधी त्या सह्यांकडे बघता येतं. वाकडच्या एखाद्या ऑफिसात वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी आज प्रॉम्प्ट लिहिते, तीच पाठवते, आणि चुकीचा मेल गेला की ओरडाही तीच खाते. तिच्या फाइलमध्ये चौकट एकच भरलेली असते. उरलेल्या दोन चौकटी आखून घ्यायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही.