गेलेले कान आणि काढ्याची बाटली



पूर्णा हे रेल्वेने वाढविलेले गाव. १९०० च्या सुमारास हैद्राबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन येथून गेली, पुढे हिंगोलीकडे फाटा फुटला, आणि लोको शेडचा आवाज गावच्या अंगवळणी पडला. वाफेची इंजिने गेली. त्यांच्या बॉयलरशी उमेदीची वर्षे काढलेली माणसे मात्र आपल्यात आहेत. त्यांच्याशी बोलताना आपण आवाज चढवितो, आणि त्यांच्या फळीवर कानाच्या औषधाची बाटली दिसते. त्या बहिरेपणाची आणि या बाटलीची हकिगत एकत्रच सांगितली पाहिजे.

दुखणे जुने आहे. कामगारांच्या रोगांवर इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने ग्रंथ लिहिला. त्याची दुसरी आवृत्ती १७१३ साली निघाली. व्हेनिसचे तांबट हातोड्याच्या आवाजाने बहिरे होतात, अशी त्यात नोंद आहे. आपल्या तांबट आळ्यांना हे नवे वाटले नसते. १८८६ साली ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी १०० बॉयलर-कामगारांच्या तपासणीचा अहवाल मांडला. एकाचेही कान शाबूत नव्हते. जाहीर सभेतील भाषणसुद्धा बहुतेकांना नीट ऐकू येत नव्हते. सभा ऐकू येईनाशी झाली म्हणजे माणूस युनियनला मुकतो आणि गावालाही मुकतो.

कानाच्या आतील शंखाकृती भागात सुमारे १५,००० सूक्ष्म रोमपेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, हे १९८८ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. तसे माणसात घडविणारे औषध मात्र अद्याप हाती आलेले नाही.

मग बाटलीने गुण येतो तो कसा? मोठ्या आवाजाने मंदावलेले कान पुष्कळदा नुसत्या विश्रांतीने काही तासांत वा दिवसांत मोकळे होतात. श्रेय काढ्याला मिळते. सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यांत बाधिर्य आहे, कानातला नादही आहे. त्या परंपरेचा आदर असावा. पण आदर म्हणजे पुरावा नव्हे. गिंको या चिनी झाडाच्या पाल्याचा अर्क कानातील नादावर जगभर विकला जातो. ब्रिटनमध्ये हजारावर माणसांवर त्याची परीक्षा झाली. २००१ साली निकाल आला: औषध नसलेल्या गोळीहून अधिक गुण नाही.

खरा इलाज आवाजाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आली. आवाजाने आलेले बहिरेपण १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात पुढे व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती नोंद आहे. म्हणजे हे दुखणे कामाने दिलेले आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. असे असता जो कामगार पगारातून बाटल्या घेत राहतो, तो दुसऱ्याचे देणे स्वतः फेडीत असतो.

म्हणून सांगणे एवढेच. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेथे दिवस मोलाचे असतात. गोंगाटात काम करणाऱ्याने दरवर्षी कान तपासून घ्यावेत व तो कागद जपून ठेवावा. आणि आज कामावर जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी आवाज कमी करून मागा, कानाची बुचे मागा. गेलेले कान परत मागता येत नाहीत. असलेले राखता येतात.