अचलाचा इतिहास

संस्कृत कवींनी पर्वताला 'अचल' म्हटले आणि मराठी कवितेने तो शब्द निःशंकपणे स्वीकारला. भूशास्त्र मात्र पर्वताकडे एक घटना म्हणून पाहते. तो घडतो, झिजतो आणि नाहीसाही होतो.

महाराष्ट्राचा दगड म्हटला की आपल्याला सह्याद्रीचा काळा कातळ आठवतो. तो लाव्हारसाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूरच्या ईशान्येचे मनसर याहून कितीतरी प्राचीन भूमीवर वसले आहे. नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून कमानीसारखा पसरलेला हा 'सौंसर' खडकसमूह मुळात समुद्रतळाचा गाळ. त्या गाळातच मँगनीजचे थर साचले. पुढे, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी, उत्तरेचा व दक्षिणेचा भूखंड एकमेकांवर रेटले गेले, गाळाला घड्या पडल्या आणि पर्वत उभा राहिला. त्याच्या पोटातील दाबाने व उष्णतेने मँगनीजची खनिजे नव्याने स्फटिकरूप झाली. घड्यांच्या वळणांवर काही ठिकाणी थर जाड झाले. वर उभा असलेला पर्वत कालौघात झिजून गेला. आज खाणीत दिसतात ती त्याची मुळे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली या मँगनीजसाठ्यांवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या येथील एका खडकाला त्यांनी 'गोंडाइट' हे नाव दिले, ते गोंड समाजावरून. एका समाजाचे नाव अशा रीतीने जगभरच्या खडकशास्त्रात रुजले. खनिज मात्र पोलादाच्या भट्ट्यांकडे गेले.

याच मनसरला वाकाटकांच्या प्रवरपुराचे अवशेष असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य ज्याच्या नावावर आहे तो प्रवरसेन म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, असे सामान्यतः समजले जाते. त्या काव्यात वानर पर्वत उपटून समुद्रात टाकतात. कवीला ठाऊक असणे शक्य नव्हते, पण त्याच्या पायाखालची भूमी नेमकी उलट कथा सांगत होती: समुद्रातून पर्वत झाल्याची.

प्राचीन ग्रंथाची पोथी जपून वाचावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. खाणीतील पोथीची अडचण वेगळी आहे. तिचे पान उलटायचे म्हणजे ते फोडून काढायचे. उत्खननात सापडलेली वीट निदान संग्रहालयात राहते. भट्टीत गेलेल्या खनिजाबरोबर त्याची साक्षही वितळते. वाकाटकांपासून इतिहास मोजणाऱ्या आपण साहित्याच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या दप्तराचीही दखल घ्यायला हवी. ते पुन्हा लिहिले जाणार नाही.